दोन मजले, दोन अनुभव: खासगी विद्यार्थी-निवासातील एक वर्ष

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष मी विद्यापीठाच्या वसतिगृहात न राहता एका खासगी कंपनीने चालवलेल्या विद्यार्थी-निवासात काढले. विद्यापीठांनी शिकवावे आणि राहण्याची सोय गुंतवणूकदारांनी करावी, या वाटेने उच्च शिक्षणातील निवासव्यवस्था पुढे जाणार असे म्हटले जाते. त्यामुळे या वास्तूची पारख जरा बारकाईने करावीशी वाटली.

पहिल्या सत्रात मी वरच्या मजल्यावरची स्वयंपूर्ण खोली घेतली होती. स्वतःचे न्हाणीघर, दोन शेगड्यांचा ओटा, रुंद टेबल आणि पूर्वेकडची मोठी खिडकी, असा सगळा थाट होता. नळ गळू लागल्याची तक्रार ॲपवर नोंदवली की दुसऱ्या दिवशी माणूस हजर होत असे. शेजारच्या खोलीत कोण राहते हे मला तीन महिने कळले नाही. ही ध्वनिरोधक भिंतींची स्तुती समजावी की तक्रार, हे मी अजून ठरवलेले नाही. माहितीपत्रकात झळकणारे सामाईक दालन तळघरात होते. तिथे गुबगुबीत सोफे होते, पण खिडकी एकही नव्हती, आणि बहुतेक संध्याकाळी माणूसही नसे.

खिडकीचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा परिसरात सुमारे ४,५०० विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या मंगर हॉलमध्ये बहुतांश खोल्यांना खिडक्याच नव्हत्या. खोल्या लहान आणि बिनखिडकीच्या ठेवल्या की विद्यार्थी सामाईक जागेत येतील, असा देणगीदार चार्ली मंगर यांचा तर्क होता. २०२१ मध्ये विद्यापीठाच्या आराखडा समितीवरील एका सल्लागार वास्तुविशारदांनी याच कारणावरून राजीनामा दिला आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने तो आराखडा बाजूला ठेवला. माझ्या निवासाने याच्या उलट टोकाची चूक केली होती: खोलीत इतके काही दिले होते की बाहेर पडण्याचे कारणच उरले नव्हते.

दुसऱ्या सत्रात, खरे तर भाडे वाचवण्यासाठी, मी खालच्या मजल्यावर गेले. तिथे बारा खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर होते, आणि जिन्याकडे जाताना त्यातूनच जावे लागे. कोपनहेगनमधील २००६ साली उघडलेल्या टिटगेन विद्यार्थी-निवासातही प्रत्येकी बारा खोल्यांच्या गटाला एक स्वयंपाकघर आहे आणि ही स्वयंपाकघरे वर्तुळाकार इमारतीच्या आतल्या अंगणाकडे उघडतात. आमच्याकडे अंगण नव्हते, पण आकडा तोच होता, आणि तो जमून आलेला वाटला. बाराजणांत एखाद्याशी पटले नाही तरी चालते आणि कोणी अनोळखीही राहत नाही. न घासलेल्या भांड्यांवरून भांडणे झाली, फ्रिजवर पाळ्यांचे वेळापत्रक लागले, ते मोडलेही. मात्र मी तापाने दोन दिवस खोलीतच पडून होते, तेव्हा ओट्यावरचा माझा कप जागचा हललेला नाही हे एका शेजारणीच्या लक्षात आले आणि तिने दार वाजवले.

नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथील ह्युमॅनिटास वृद्धनिवासात काही विद्यार्थी भाडे न देता राहतात. त्याबदली महिन्याला तीस तास तेथील वृद्धांचे चांगले शेजारी म्हणून घालवायचे, असा तिथला ठराव आहे. आमच्या छत्तीस पानी करारात शेजार हा शब्द फक्त आवाजाच्या दंडासंदर्भात आला होता.

या निवासाची सर्वांत दुबळी बाजू करारच आहे. अध्यापन दहा महिन्यांचे, भाडे मात्र बारा महिन्यांचे. अभ्यासक्रम मध्येच सोडावा लागला तरी पर्यायी भाडेकरू विद्यार्थ्यानेच शोधायचा. माझ्या अनामत रकमेतून भिंतीवरच्या जुन्याच डागांसाठी कपात झाली. मी विद्यापीठाच्या निवास कक्षाकडे गेले, तेव्हा करार तुमचा आणि कंपनीचा आहे, असे सौम्य शब्दांत सांगण्यात आले. विद्यापीठाच्या वसतिगृहातील अधीक्षक कितीही तुसडे असले, तरी त्यांच्यावर विद्यापीठाचेच कोणीतरी असते. इथे तक्रारीची साखळी ॲपपाशी सुरू होऊन ॲपपाशीच संपत होती.

जिम वापरली नाही, इंटरनेट ठीक होते.

या निवासाला पाचपैकी तीन गुण देते, आणि त्यांतले दोन त्या स्वयंपाकघराचे आहेत. खोली घ्यायचीच असेल तर खालच्या मजल्यावरची मागावी आणि सामान आत नेण्यापूर्वी चारही भिंतींची तारखेसह छायाचित्रे काढून कंपनीला लेखी पाठवून ठेवावीत.