हात न लावता लिफ्ट: सेन्सर बसवावा की क्यूआर कोड लावावा?

लिफ्टच्या बटणामागे फारसं काही नसतं. बटण दाबलं की दोन तारा क्षणभर जोडल्या जातात आणि अमुक मजल्यावर कुणीतरी उभं आहे हे कंट्रोलरला, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या यंत्रणेला, कळतं. याला ‘कॉल’ म्हणतात. हात न लावता लिफ्ट बोलावणारी उपकरणं, मग ती सेन्सरची असोत की क्यूआर कोडची, शेवटी हेच काम करतात. म्हणून लिफ्ट आली का, एवढ्यावर त्यांची परीक्षा होत नाही; लिफ्ट येतेच. कुणी बोलावलं नसताना ती किती वेळा येते, यावर उपकरणाचा दर्जा ठरतो. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवतो तेव्हा नेमकी हीच बाजू दिसत नाही.

आधी सेन्सर. ‘मोशन सेन्सर’ या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता हलली की जागा होतो. जिन्यातला दिवा लावायला तो उत्तम, लिफ्टला मात्र निरुपयोगी, कारण समोरून जाणारा प्रत्येक माणूस लिफ्ट बोलावून जातो. मायक्रोवेव्ह सेन्सरला पातळ लाकूड, प्लास्टिक आणि काच यांच्या पलीकडची हालचालही कळते, शिवाय लिफ्टचं दार सरकलं तरी तो चाळवतो. हे दोन्ही प्रकार कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

तिसरा प्रकार परावर्तित इन्फ्रारेडचा. सेन्सर प्रकाश सोडतो आणि हातावरून किती परत आला ते मोजतो. हा चालतो, पण काळा हातमोजा प्रकाश शोषतो आणि चकचकीत स्टील तो जास्त परतवतं, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर दुपारी तो आंधळा होतो किंवा उगाचच कॉल देतो. चौथा प्रकार टाइम ऑफ फ्लाइटचा. तो बहुधा ९४० नॅनोमीटरच्या अदृश्य लेझरवर चालतो आणि प्रकाश जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतो, म्हणून हात काळा की गोरा, हातमोजा घातलेला की ओला, याने फारसा फरक पडत नाही. बटणासाठी हाच घ्यावा. अंतर ३ ते ५ सेंटिमीटर ठेवावं आणि हात ३०० ते ५०० मिलिसेकंद स्थिर राहिला तरच कॉल जावा अशी सेटिंग करावी. अंतर १५ सेंटिमीटर ठेवलं की पिशवीचा कोपरा आणि भिंतीला टेकलेली पाठही कॉल देऊ लागतात.

बसवताना मजल्यावरचं पॅनेल, लिफ्टवाल्यांच्या भाषेत एलओपी, उघडल्यावर बटणाला बहुधा चार पिनांचा कनेक्टर दिसतो. दोन पिना बटणाच्या, दोन दिव्याच्या. सेन्सरचं आउटपुट बटणाच्या दोन पिनांना समांतर जोडायचं. जुनं बटण काढायचं नाही. आउटपुट रिलेचं (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचं) असेल तर तारांची दिशा बघावी लागत नाही. ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा ट्रान्झिस्टरचं असेल तर प्लस-मायनस आधी मीटरने तपासावं. तारा उलट जोडल्या तर एकतर कॉल जातच नाही किंवा कायमचा लागून राहतो. पॅनेलमध्ये येणाऱ्या २४ व्होल्टवरच सेन्सर चालवायचा मोह होतो, कारण वायरिंग वाचतं. ती तार बारीक आणि लांब असते, खालच्या मजल्यांवर व्होल्टेज पडतं आणि मग एलओपीचं कार्डच मधूनमधून रीसेट होतं. १० मजल्यांच्या इमारतीत मधल्या ८ मजल्यांवर वर-खाली असे दोन आणि टोकांच्या मजल्यांवर एकेक, असे १८ सेन्सर लागतात. प्रत्येकी ३० मिलिअँपिअर धरले तर ५४० मिलिअँपिअर होतात. त्यासाठी २४ व्होल्ट, २ अँपिअरचा स्वतंत्र सप्लाय भरपूर झाला.

सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या लागून राहिलेल्या कॉलच्या. सफाईच्या फेसाचा थर काचेवर वाळतो, कुणी शेजारी कुंडी ठेवतं, सूचनेचा कागद सुटून सेन्सरसमोर लोंबतो. सेन्सरला वाटतं हात आहे. लिफ्ट त्या मजल्यावर येते आणि दार मिटायला लागलं की पुन्हा उघडतं, कारण त्याच मजल्याचं बटण दाबलेलं असेपर्यंत कंट्रोलर दार उघडंच ठेवू बघतो. रहिवाशांना वाटतं दाराच्या मोटरमध्ये बिघाड आहे, मेकॅनिकही आधी तिथेच हात घालतो. चांगल्या उपकरणात अडथळा ४-५ सेकंदांपेक्षा जास्त राहिला की आउटपुट आपोआप सुटतं आणि अडथळा दूर झाल्यावरच पुन्हा सुरू होतं. ही सोय नसेल तर बाकीची वैशिष्ट्यं वाचायचीही गरज नाही. तपासणं सोपं आहे: सेन्सरवर चिकटपट्टीने कागद लावायचा, लिफ्ट आल्यावर दार नीट बंद होऊन ती दुसऱ्या मजल्याच्या कॉलला जाते का ते बघायचं.

कॉल नोंदला गेल्याचा दिवा आणि छोटा आवाज दोन्ही हवेत. बटण दाबल्याचं बोटाला कळतं. हवेत हात हलवल्याचं काहीच कळत नाही, म्हणून माणूस पुनःपुन्हा हात नेतो. मजल्यावर त्याने बिघडत नाही. केबिनमध्ये बिघडतं, कारण अनेक कंट्रोलरमध्ये तेच बटण दोनदा दाबलं की कॉल रद्द होतो.

केबिनच्या पॅनेलवर, म्हणजे सीओपीवर, प्रत्येक बटणाला सेन्सर लावण्याविरुद्ध आमचं मत ठाम आहे. बटणं जवळजवळ असतात. चौथ्या मजल्याकडे नेलेला हात पाचव्याचाही कॉल देतो आणि गर्दीत तर खांदाच तीन मजले निवडतो. याहून गंभीर अडचण अंध व्यक्तींची आहे. त्या बोटांनी ब्रेल वाचत योग्य बटण शोधतात. ब्रेलवर सेन्सर असला तर शोधताना वाटेतल्या सगळ्या मजल्यांचे कॉल लागतात. सेन्सर ब्रेलपासून वेगळ्या जागी हवा आणि दाबलं की बोटाला कळणारं खरं बटण चालू राहिलंच पाहिजे. बटणच काढून टाकणारं उपकरण कुठल्याही सार्वजनिक इमारतीत नको.

आता क्यूआर कोड. प्रत्येक मजल्यावर वेगळा कोड असतो, त्यातून आपण कुठे उभे आहोत हे यंत्रणेला कळतं. कॅमेऱ्याने स्कॅन केलं की पान उघडतं, जायचा मजला निवडायचा. संदेश सर्व्हरकडे, तिथून मशीन रूममधल्या गेटवेकडे (इंटरनेट आणि लिफ्ट यांना जोडणाऱ्या उपकरणाकडे) आणि मग कंट्रोलरकडे जातो. या साखळीतला कमजोर दुवा म्हणजे इंटरनेट. ते गेलं की उरतं ते बटणच. केबिनच्या धातूच्या भिंतींमुळे आत सिग्नल पडतो, म्हणून मजला आत शिरण्याआधीच निवडता यायला हवा.

इथेच स्वस्त उपकरणांची मर्यादा उघडी पडते. बाहेरून मजला निवडायचा तर आधी इथला कॉल आणि लिफ्ट आल्यावर आतला कॉल, असे दोन कॉल द्यावे लागतात. निव्वळ रिलेचा बोर्ड एकट्या लिफ्टला हे कसंबसं जमवतो. शेजारी-शेजारी दोन लिफ्ट असतील तर त्यांतली कुठली आली हे बोर्डला माहीत नसतं आणि आतला कॉल भलत्याच केबिनला जातो. ओटिसचं ई-कॉल, शिंडलरचं एलेव्हेटमी यांसारखी उत्पादकांची अ‍ॅप्स त्यांच्याच कंट्रोलरशी थेट बोलतात, म्हणून त्यांना ही अडचण येत नाही. इतरांनी कंट्रोलरच्या कंपनीकडून अधिकृत इंटरफेस मिळतो का, हे पैसे मोजण्याआधी विचारावं.

कोड छापतानाही चुका होतात. वाचायचं अंतर भागिले १० हा आकाराचा ढोबळ नियम आहे: ४० सेंटिमीटरवरून वाचायला ४ सेंटिमीटरचा चौकोन, आणि मंद उजेड धरून ५-६ केलेला बरा. भोवती ४ मॉड्यूल, म्हणजे कोडमधल्या ४ ठिपक्यांच्या, रुंदीची पांढरी जागा सोडावी. नक्षीच्या हौसेपायी तीच कापली जाते आणि मग कोड वाचला जात नाही. कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता यावा यासाठी त्रुटी-सुधाराच्या पातळ्या असतात: पातळी एमला सुमारे १५ टक्के आणि क्यूला २५ टक्के खराबी झेपते; इथे क्यू योग्य. लिंक आखूड ठेवली की ठिपके मोठे राहतात. लॅमिनेशन मॅट हवं, चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं.

छापील कोडचा खरा दोष वेगळाच आहे. त्याचा फोटो काढून कुणीही घरबसल्या लिफ्ट खाली-वर पळवू शकतं. एका स्कॅनमधून मिळालेली परवानगी एकदाच चालावी आणि मिनिटाभरात संपावी. तरीही फोटो पुन्हा स्कॅन करता येतोच, म्हणून दर काही सेकंदांनी बदलणारा कोड दाखवणारा छोटा पडदा हाच पक्का उपाय. कोडवर दुसरा कोड चिकटवून लोकांना खोट्या पानावर नेण्याचाही धोका आहे. कोड काचेच्या आत लावावा आणि पानाचा पत्ता शेजारी ठळक लिहावा. लिफ्ट बोलावण्यासाठी फोन नंबर मागणारी यंत्रणा सरळ नाकारावी.

आगीचा प्रश्न दोन्ही प्रकारांना लागू आहे. १९७० साली न्यूयॉर्कच्या वन न्यूयॉर्क प्लाझा इमारतीत आग लागली, तेव्हा उष्णतेने सक्रिय होणाऱ्या बटणांमुळे लिफ्ट थेट जळत्या मजल्यावर गेली आणि दोघांचा जीव गेला. धूर इन्फ्रारेड सेन्सरलाही फसवू शकतो. म्हणून फायरमन स्विच (आगीच्या वेळी लिफ्ट अग्निशमन दलाच्या ताब्यात देणारा स्विच) चालू केल्यावर सेन्सर आणि फोन दोन्हींचे कॉल कंट्रोलर पूर्णपणे दुर्लक्षित करतो का, हे प्रत्येक मजल्यावर करून बघावं. कागदावरच्या हमीवर विसंबू नये.

हे सगळं विषाणूच्या भीतीने घ्यायचं का? २०२० मध्ये प्रयोगशाळेत कोरोनाचा विषाणू स्टील आणि प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला होता. पण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्गाची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षा कमी असल्याचं सांगितलं. भीती हे आता पुरेसं कारण नाही. रुग्णालय, प्रयोगशाळा, मोठं स्वयंपाकघर, दोन्ही हातांत सामान घेऊन ये-जा होणारी जागा, हात उंचावता न येणारी माणसं: इथे मजल्यावरचा सेन्सर रोज उपयोगी पडतो. क्यूआर व्हीलचेअरवरून येणाऱ्याला खूप सोयीचा. घाईतल्या माणसाला तो बटणापेक्षा संथच वाटेल.

मागणी नोंदवण्याआधी लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीची लेखी संमती घ्यावी, कारण बाहेरच्या माणसाने कंट्रोलर उघडला की बहुतेक करारांत वॉरंटी संपते. सुरुवात तळमजल्यावरच्या एकाच सेन्सरपासून करावी, आणि महिनाभर कंट्रोलरच्या नोंदींत रिकाम्या फेऱ्या वाढल्या का, हे पाहूनच बाकीचे मजले करावेत.