बारा, सोळा की बत्तीस बिट? तीन डॅकची तुलना

फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणारी माझी भाची मे महिन्याच्या सुट्टीत फोंड्याला आली, ती तीन डेटाशीट छापून घेऊनच. "मामा, हा बारा बिटांचा, हा सोळाचा आणि हा बत्तीसचा. बत्तीसवाला काही महाग नाही. मग सगळीकडे तोच लावते."

आकडा घेऊन त्याचे व्होल्टेज करणारी चिप म्हणजे डॅक. तिला तो तीन ठिकाणी हवा होता. कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, पंपाचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हला ० ते ५ व्होल्टचा सिग्नल द्यायचा होता. कॉलेजच्या प्रकल्पात सेन्सरचे मीटर जुळवायला अचूक व्होल्टेज हवे होते. आणि घरी आजोबांनी जपलेली नाट्यपदे आणि गायिका केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रणे नीट ऐकायची होती. पहिली दोन कामे स्थिर व्होल्टेजची, तिसरे सतत बदलणाऱ्या लहरीचे. हा फरक आधी ओळखावा. बिटांकडे नंतर वळावे.

पंपासाठी तिने निवडला होता एमसीपी ४७२५. बारा बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या, ५ व्होल्टवर एक पायरी १.२२ मिलिव्होल्टची. पण पायरी बारीक असली म्हणजे ती जागेवर असतेच असे नाही. सरळ रेषेपासून आउटपुट किती ढळते हे आयएनएल सांगतो. या चिपच्या डेटाशीटमध्ये 'टिपिकल' रकान्यात ±२ पायऱ्या दिसतात, शेजारच्या 'कमाल' रकान्यात ±१४.५. म्हणजे जवळजवळ १८ मिलिव्होल्टची चूक असलेली चिप हाती आली तरी उत्पादकाने शब्द मोडला असे होत नाही. डेटाशीट वाचताना मी बोट नेहमी कमाल रकान्यावर ठेवतो.

तरीही पंपाला ही चिप पुरते. १८ मिलिव्होल्ट म्हणजे ५ व्होल्टच्या ०.४ टक्क्यांहून कमी. पोफळींना त्याने काही फरक पडत नाही. इथे महत्त्वाचा आहे डीएनएल, म्हणजे दोन शेजारच्या पायऱ्यांमधल्या उंचीची चूक. तो ±०.७५ पायरीच्या आत आहे. उणे एकच्या खाली जात नाही, म्हणून आकडा वाढवला की व्होल्टेज कधी उलटे उतरणार नाही. यालाच मोनोटोनिक म्हणतात. वेग वाढवायला गेलो आणि पंप मंदावला, असे होता कामा नये. सेटलिंग टाइम, म्हणजे नव्या व्होल्टेजवर स्थिरावायला लागणारा वेळ, ६ मायक्रोसेकंद लिहिला आहे, तो इथे सोडून द्यावा. चिपला आकडे पोचवणाऱ्या आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर ४०० किलोहर्ट्‌झने एक आकडा पोचायलाच सुमारे ७० मायक्रोसेकंद जातात.

खरी अडचण वेगळीच आहे. या चिपला स्वतःचा रेफरन्स, म्हणजे तुलनेसाठी लागणारे पक्के व्होल्टेज, नाही. सप्लायलाच ती मोजपट्टी मानते. पंप सुरू होताना घरातले दिवे क्षणभर मिणमिणतात, हे कुळागर असलेल्या कुणालाही सांगायला नको. स्वस्त अडॅप्टरचे ५ व्होल्ट तेव्हा ४.९ झाले, तर निम्म्यावर ठेवलेला सिग्नल २.५ वरून २.४५ वर येतो. पन्नास मिलिव्होल्ट, म्हणजे एकेचाळीस पायऱ्या! आयएनएलपेक्षा ही चूक कितीतरी मोठी. डॅकला वेगळा, चांगला रेग्युलेटर द्यायलाच हवा.

मीटर जुळवायला मात्र एडी ५६९३आर घ्यावा. सोळा बिट, आत २.५ व्होल्टचा रेफरन्स, एक पायरी ३८ मायक्रोव्होल्ट, आणि चांगल्या ग्रेडमध्ये आयएनएल ±२ पायऱ्या. त्याहून मोलाचा आकडा रेफरन्सचा: अंशाला सुमारे २ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दोन भाग (हा मात्र टिपिकल रकान्यातला). तापमान २० अंशांनी बदलले तर पूर्ण पट्ट्यावर अडीच पायऱ्यांच्या आसपास सरक येते. त्याच जागी अंशाला ५० पीपीएमचा रेफरन्स बाहेरून जोडला, तर सरक ६५ पायऱ्यांची. मग सोळा बिटांचे पैसे भरून हाती जेमतेम दहा बिट उरतात.

आता तिचा लाडका बत्तीसवाला, पीसीएम ५१०२ए. ३२ हा आकडा आत येणाऱ्या डेटाचा आहे. बाहेर काय मिळते ते डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वात मोठा सिग्नल आणि चिपचा स्वतःचा गोंगाट यांतले अंतर, सांगते: ११२ डेसिबल. डेसिबलचे बिट करायच्या नेहमीच्या सूत्राने त्यातून १.७६ वजा करून ६.०२ ने भागले की सव्वाअठरा बिट येतात. विकृती आणि गोंगाट एकत्र धरणारा आकडा आहे उणे ९३ डेसिबल. त्याच हिशेबाने पंधरा बिटांच्या थोडे वर. पंप किंवा मीटरसाठी ही चिप नकोच. तिचे मोजमाप लहरीसाठी झालेले आहे. स्थिर व्होल्टेजची अचूकता तिच्याकडून मागू नये.

ऐकण्यासाठी मात्र मी डोळे मिटून हीच घेईन. १२० डेसिबलच्या महागड्या डॅकचा मोह तिला होत होता. पण लाखेच्या तबकडीची खरखर ध्वनिमुद्रणातच आहे, खोलीत पंखा फिरतो आहे, जूनपासून कौलांवर पाऊस असेल. केसरबाईंची तान या सगळ्यातून वर येते ती त्यांच्या आवाजाच्या ताकदीवर, आणि तिला ११२ डेसिबलची जागा भरपूर आहे. आठ डेसिबलसाठी खर्च करण्यापेक्षा ते पैसे स्पीकरला लावावेत.

जोडताना एक पाहावे. हिचे २.१ व्होल्टचे आउटपुट अ‍ॅम्प्लिफायरच्या लाइन इनपुटसाठी आहे, किमान एक किलोओहमच्या भारासाठी. बत्तीस ओहमचा हेडफोन थेट लावू नये. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर हवा.