किंगपिनचं बिल, काम मात्र ग्रीसचं

मिनीबसच्या चासीवर बांधलेलं मोटरहोम हायवेवर सरळ चालेनासं झालं की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, "पुढचं सगळं काम निघालंय." अशाच एका गाडीच्या बिलात किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या पिनीवर वळतं ती) किट, टायरॉड आणि ड्रॅगलिंक या स्टीअरिंगच्या दांड्यांचे मिळून चार एंड (टोकाचे सांधे), दोन शॉकअॅब्झॉर्बर, असं सगळं लावलं होतं. खाली वाकून पाहिलं, तर एंडच्या नटातल्या स्प्लिट पिना जुन्याच, गंजून नटाला धरलेल्या. ती पिन काढल्याशिवाय एंड निघतच नाही. शॉकअॅब्झॉर्बरचा काळा रंग तर रबरी बुशवरही चढला होता. नव्या मालाचं रबर कुणी रंगवत नाही.

किंगपिनमधली लबाडी पकडणं जास्त अवघड. निपलमधून (ग्रीस भरायच्या तोटीतून) दाबून ग्रीस भरलं की झिजलेल्या बुशमधली (पिन ज्यात फिरते त्या नळीतली) ढिल तात्पुरती भरून निघते. स्टीअरिंग काही दिवस घट्ट वाटतं, तोवर पैसे दिलेले असतात. काही ठिकाणी पिन नवी घालतात आणि बुश जुनेच ठेवतात, कारण बुश प्रेसने बसवून वरचा-खालचा एका रेषेत रीम करायला (आतून घासून मापात आणायला) वेळ जातो.

म्हणून काम देण्याआधी आणि गाडी परत घेताना, दोन्ही वेळा तपासा. अॅक्सलखाली जॅक लावून चाक उचला, खाली स्टँड द्या. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाला वर आणि खाली हात लावून हलवायचं. ब्रेकमुळे बेअरिंगची ढिल बाजूला पडते. तरीही चाक डुललं तर किंगपिन गेलेली आहे. डावी-उजवीकडे धरून हलवताना खटखट आली तर एंड बघा.

पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) उतरवले असतील तर अॅक्सल आणि पाट्यांमधल्या पाचरीकडे लक्ष द्या. ती उलटी बसली की कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि नवे भाग घालूनही गाडी भरकटते. मग "जादा पाटा टाकू" म्हणतात. त्याने गाडी कडक होते, भरकटणं तसंच राहतं. पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट मात्र नवेच घ्या आणि साधारण 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. पुढच्या अॅक्सलवर किती भार आहे ते कळायला वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून वजन करा. भरलेली 100 लिटरची पाण्याची टाकी म्हणजेच गाडीवर 100 किलो.

काढलेले भाग परत हवेत, हे गाडी देतानाच जॉबकार्डवर लिहून घ्या. अलाइनमेंटचे आधीचे आणि नंतरचे, दोन्ही प्रिंट मागा.