समुपदेशनाचे आठ महिने : शाखाधिकाऱ्याचा अनुभव

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या बँक शाखेचा मी शाखाधिकारी. गेल्या खरिपात पीककर्जाच्या नव्या-जुन्याची (जुनं फेडून नवं उचलण्याची) गर्दी, रोज संध्याकाळी वरून वसुलीचा फोन, आणि रात्री छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, झोपेचं बघा."

आधी गावातल्याच एका समुपदेशकाकडे दोनदा गेलो. "सकारात्मक राहा, सरकारी नोकरी आहे, नशीब समजा." पैसे मोजून हा उपदेश ऐकायचा नव्हता. मग एका रात्री 14416 लावला. टेली-मानस ही केंद्र सरकारची 2022 पासूनची मोफत हेल्पलाइन, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" तसं वाटत नव्हतं, पण मला असं विचारणारं तोवर कोणी भेटलंच नव्हतं. बराच वेळ रडलो.

सप्टेंबरपासून छत्रपती संभाजीनगरच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जातो. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे या वेळी आधी विचारलं. तुम्हीही विचारा. गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ; आमच्या सायकॉलॉजिस्ट मॅडम बोलण्यातून उपचार करतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, तेव्हाच पन्नास मिनिटं. पहिल्या दोन बैठका समोरासमोर, बाकी व्हिडिओवर. घरात मोकळं बोलता येत नाही म्हणून गाडी लिंबाखाली लावून आत बसतो. रेंज गेली की बोलणं तुटतं, आणि नेमकं अवघड जागी तुटतं.

जून महिन्यातला एक शेतकरी माझ्या डोक्यातून जात नव्हता. खातं थकीत, नवं कर्ज देता येईना. चार वाजेपर्यंत बाकड्यावर बसला आणि न बोलता उठून गेला. रात्री तोच चेहरा. त्याचं काही बरंवाईट झालं तर? मॅडमनी वहीत दोन रकाने पाडायला लावले : माझ्या हातातलं, हाताबाहेरचं. नियम हाताबाहेर. त्याला बोलावून घेणं, एकरकमी तडजोड (ठरलेली रक्कम एकदम भरून थकीत कर्ज मिटवणं) बसते का ते बघणं, हे माझ्या हातात. मी फोन केला, तो आला. कर्ज अजून मिळालेलं नाही, पण आता आम्ही एकमेकांशी बोलतो.

दुसरा उपाय 'काळजीच्या वेळे'चा. साडेसात ते सात पन्नास, सगळी काळजी तेव्हाच, वहीत. महिनाभर जमलं नाही. आता रात्री तीनला जाग आली तर "उद्या साडेसातला" म्हणून कूस बदलता येते. झोप सहा तासांवर आलीय.

बँकेत कळेल ही भीती होती. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. जिवाला धोका दिसला तर गोपनीयता मोडावी लागेल, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं; त्या स्पष्टपणामुळेच विश्वास बसला. आई मात्र अजून विचारते, "डोस्क्याच्या डाक्टरकडं कामून जायलास रे?" तिला वही दाखवली. वाचता येत नाही, पण पानं उलटत बसली.

टार्गेट तसूभर कमी झालेलं नाही. बैठकीचे हजार रुपये महिन्यातून दोनदा जाणवतात. मार्चअखेर म्हणून दोन बैठका बुडवल्या आणि एप्रिलमध्ये धडधड परत आली. ती चूक माझीच. जूनमधले दोन्ही शनिवार आत्ताच ठरवून ठेवलेत.