उड्डाणपुलाच्या देखभालीसाठी बिम: दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

शहरातल्या एका उड्डाणपुलाची देखभाल आमच्या कंपनीकडे आहे. गेल्या वर्षीच्या मान्सूनपूर्व तपासणीपासून आम्ही बिम मॉडेल वापरतोय, म्हणजे पुलाच्या प्रत्येक भागाला त्याची माहिती जोडलेलं संगणकातलं मॉडेल. सादरीकरणात पडद्यावर गरागरा फिरणारा थ्रीडी पूल बघून ज्यांना हे घ्यावंसं वाटतंय, त्यांना आधीच सांगतो: सुरुवातीची नवलाई ओसरल्यावर तो फिरणारा पूल आमच्याकडे कुणी फारसा उघडत नाही. कामी आला तो प्रत्येक बेअरिंगला (खांबावर पुलाचा भार पेलणारी रबरी उशी), प्रत्येक जॉइंटला (स्पॅनमधल्या फटीवरचा सांधा) मिळालेला पक्का क्रमांक.

पूर्वी रजिस्टरमध्ये नोंद असायची, ‘पी-१४, डावीकडचं बेअरिंग फुगलंय.’ पी-१४ हा खांबाचा क्रमांक, पण डावीकडचं म्हणजे कुठलं? लिहिणाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, त्यावर ते अवलंबून. जेई (कनिष्ठ अभियंता) बदलला की डावं-उजवं बदलायचं. आता पेडेस्टलजवळ, म्हणजे बेअरिंगखालच्या चौथऱ्याजवळ, क्यूआरची पट्टी आहे. ती स्कॅन केली की त्याच बेअरिंगचे मागचे फोटो समोर येतात, आणि रबराचा फुगवटा वाढलाय की तेवढाच आहे, यावर वाद होत नाही.

खरा फायदा मात्र पिअर कॅपच्या, म्हणजे खांबाच्या डोक्यावरच्या काँक्रीटच्या भागाच्या, बाबतीत झाला. काही कॅपची खपली पुन्हा पुन्हा निघायची, आम्ही पुन्हा पुन्हा भरायचो. जॉइंटची नोंद एका वहीत, कॅपची दुसऱ्या. मॉडेलमध्ये कुठल्या कॅपवर कुठला एक्स्पान्शन जॉइंट येतो हा संबंध भरला, तेव्हा दिसलं की त्या सगळ्या कॅपवरच्या जॉइंटचं स्ट्रिप सील (फटीतून पाणी खाली जाऊ न देणारी रबरी पट्टी) फाटलंय किंवा शेजारचे पाणी काढून देणारे ड्रेनेज स्पाउट तुंबलेत. पाणी वरून गळत होतं आणि आम्ही खाली सिमेंट थापत होतो. मॉडेलने हे आपणहून सांगितलं नाही, संबंध आम्हालाच भरावे लागले.

आणि या भरण्यातच वेळ आणि पैसा जातो. हातात आलेलं ‘अ‍ॅज-बिल्ट’ मॉडेल, जे झालेल्या बांधकामाप्रमाणे असायला हवं, ते प्रत्यक्षात डिझाइनचंच होतं. ड्रेनेजचे पाइप त्यात सरळ उतरतात, साइटवर केबल ट्रेला वळसा घालून जातात. बेअरिंगचा उत्पादक, बॅच, चाचणीचे दाखले हे रकाने रिकामे. फाइल आयएफसी (बिम मॉडेलच्या देवाणघेवाणीचा खुला फॉरमॅट) २x३ मध्ये काढलेली, त्या आवृत्तीत बेअरिंगसाठी वेगळा वर्गच नाही. त्यामुळे आमची सगळी बेअरिंग नुसती ‘प्रॉक्सी’, म्हणजे प्रकार न सांगितलेले घटक, म्हणून आलेली. पूल, रस्ते, रेल्वे यांचे वर्ग ४.३ मध्ये आले आणि ती आवृत्ती २०२४ मध्ये आयएसओ मानक झाली. नवीन मॉडेल घेताना तीच मागा. आमची दुरुस्ती आम्ही बोन्साय या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केली. शिकायला किचकट आहे, पण लायसन्सचा खर्च वाचला.

सर्वात मोठी डोकेदुखी सुधारित फाइलची. सल्लागाराने काही भाग पुसून नव्याने काढले, की त्या घटकांचा २२ अक्षरी ग्लोबल आयडी (फाइलमधली घटकाची ओळख) बदलतो आणि जुन्या नोंदी निराधार होतात. म्हणून आमचा स्वतःचा टॅग वेगळ्या गुणधर्मात ठेवलाय, आणि नवी फाइल आयडीएस नियमांनी (मॉडेलमध्ये कुठली माहिती हवी ते सांगणारे, संगणकाने तपासता येणारे नियम) तपासल्याशिवाय स्वीकारत नाही. टॅग नसेल, तर फाइल परत.

साइटवर मॉडेल उघडायचा हट्ट सोडा. पिअरखाली उन्हात फोन तापतो, मॉडेल अर्ध्यावर अडकतं. आमची मुलं साधा फॉर्म भरतात, मॉडेल ऑफिसात राहतं. काँक्रीटवर हातोडी मारून पोकळ आवाज ऐकायचं कामही चुकत नाही.

एखाद-दुसरी मोरी किंवा छोटा स्लॅबचा पूल असेल तर या भानगडीत पडू नका, एक्सेल पुरे. राष्ट्रीय महामार्गांच्या पुलांसाठी आयबीएमएस (केंद्राची पुलांच्या नोंदींची प्रणाली) आहेच, पण ती यादी अख्ख्या पुलाची. अनेक स्पॅन, शेकडो बेअरिंग आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलणारी माणसं असतील, तर मात्र घ्या. कुठली माहिती लागणार हे आधी ठरवा. बिममधली माहिती कशी सांभाळायची याचं मानक असलेल्या आयएसओ १९६५० चा देखभालीच्या टप्प्यावरचा तिसरा भाग यासाठीच आहे.

यंदा बेअरिंग बदलण्याच्या वर्क ऑर्डरमध्ये आम्ही अट घातली: टॅग, बॅच आणि चाचणीचा दाखला मॉडेलमध्ये चढल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. कंत्राटदार कुरकुरला. पण पहिल्या स्पॅनची माहिती पूल उचलून धरणारे जॅक उतरवायच्या आधी आली.