गर्भाशयमुखाचा कॅन्सर, घरची पॅलिएटिव्ह केअर : काही महिन्यांचा अनुभव

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी ठेवणारी काळजी. आजार पुढे गेला तरी पेशंटला घरी नीट सांभाळता येतं, असं आता ठामपणे म्हणता येईल. सामान आणि सूचना मात्र आधीपासून घरात हव्यात.

तीव्र दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्या साध्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. 2014 मध्ये मादक औषधांचा कायदा सोपा झाला, तरी त्या मान्यताप्राप्त संस्थेतूनच आणाव्या लागतात. म्हणून आठवडाभराच्या उरल्या की पुढच्या आणाव्यात. साधी गोळी चार तास पुरते, तेव्हा घड्याळ लावूनच द्यायची. दुखायची वाट बघितली की तीच मात्रा कमी पडते. मधेच कळ आली तर जादा डोस साधारण दिवसाच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांश असतो. नेमका आकडा डॉक्टरांकडून कागदावर घ्यावा. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, त्यासाठी बिसाकोडिल ही जुलाबाची गोळी पहिल्या दिवसापासून. इसबगोल नको, पाणी कमी प्यायलं तर त्याचा आतच गोळा होतो. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर ही जुलाबाची गोळी थांबवून लगेच फोन करावा.

या आजारात गाठ मूत्रवाहिन्या दाबते. लघवी कमी झाली, गुंगी वाढली, हातपाय झटकायला लागले, तर मॉर्फिन अंगात साठत असण्याची शक्यता धरावी. मात्रा आपण ठरवू नये, त्याच दिवशी कळवावं. फेंटानिलचा पॅच (दुखणं कमी करणाऱ्या औषधाची अंगावर चिकटवायची पट्टी) दिला तर तो साधारण 72 तासांनी बदलतात. त्यावर शेकायची पिशवी अजिबात नको, उष्णतेने औषध भरभर अंगात जातं.

सगळ्यात जास्त कोंडी होते ती अंगावरून जाणाऱ्या स्रावाच्या वासाने. पेशंट कुणाला खोलीत येऊ देत नाही, जेवण सोडते. मेलेल्या पेशींवर वाढणाऱ्या जंतूंचा हा वास. डॉक्टरांनी सांगितलेलं मेट्रोनिडाझोल हे जंतू मारणारं औषध नियमित वापरलं की तो काही दिवसांत बराच उतरतो. जोराने पाण्याने आतून धुऊ नये, रक्तस्राव सुरू होतो. बाहेरून कोमट पाणी, मऊ कापडाने टिपणं, वर झिंक ऑक्साइडचा पातळ थर, आणि पॅड भरायच्या आत बदलणं, एवढं पुरतं. उदबत्ती बंदच ठेवावी, दोन्ही वास मिसळून मळमळ वाढते.

गडद मरून रंगाचे चार टॉवेल उशाशी असावेत. पांढऱ्यावर थोडं रक्तही फार दिसतं आणि पेशंट घाबरते.

पुण्यात वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र, मुंबईत टाटा मेमोरियलची टीम घरी भेट देते. गावाकडे ही सोय क्वचितच, आणि घरभेटी बहुतेक दिवसाच होतात. रात्री कुणाला फोन करायचा, हे पहिल्याच भेटीत विचारून फाइलवर लिहून घ्यावं.