कन्हान वाचायला नागपूरची टोपोशीट: ५५ ओ/४ आणि शेजारच्या शीट

कन्हान नदीचे पात्र कसे वळते, वाळू कुठे पसरली आहे, काठ कुठे तुटलेला आहे, हे एका कागदावर पाहायचे तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटला (भूरूप दाखवणाऱ्या नकाशाला) आजही तोड नाही. पुराचे पाणी कुठवर चढेल, हे मात्र तिला विचारू नका.

नागपूर आणि कामठी ५५ ओ/४ क्रमांकाच्या शीटमध्ये येतात, पण कन्हान तेवढ्यात मावत नाही. शीटची वरची कड २१°१५' अक्षांशाची, कोराडी आणि खापरखेड्याच्या मधून जाणारी. पेंच ज्या अंगाने येते तो भाग ५५ ओ/३ मध्ये. मौद्यासाठी ५५ ओ/८, आणि आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेला मिळते तिथवर जायचे तर आणखी पूर्वेची शीट. पीडीएफ विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करून फुकट मिळतात. नव्या मालिकेत क्रमांक 'एफ ४४' ने सुरू होतो, तेव्हा जुना क्रमांक दिसला नाही म्हणून शोध सोडू नका.

खरा घोळ छपाईत होतो. नकाशाचा भाग साधारण ५२ × ५५ सेंमी असतो, समास वेगळा. ए२ कागद पुरत नाही, ए१ च लागतो. प्लॉटरवाल्याला 'फिट टू पेज' बंद करून १०० टक्के आकारात काढायला सांगा. हातात आल्यावर तळाच्या रेषाप्रमाणावर (किलोमीटर दाखवणाऱ्या आखलेल्या रेघेवर) पट्टी ठेवा: १ किमी म्हणजे बरोबर २ सेंमी भरले पाहिजे. नाही भरले तर त्यावरची सगळी मोजमापे वाया.

पात्रातले ठिपके म्हणजे वाळू, निळे म्हणजे पाणी, काळ्या रेघांचे नाले कोरडे. काठालगत आकड्यापुढे इंग्रजी 'आर' दिसला तर ती सापेक्ष उंची, म्हणजे काठ तितके मीटर उभा आहे. सपाट मुलखात ही बारीकशी खूण फार कामाची, कारण तिथे समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, हात टेकतात. एकीपासून दुसरीपर्यंत उंचीचा फरक २० मीटरचा. उतार हजारात एक असेल तर २० मीटर उतरायला २० किमी लागतात, आणि शीटची रुंदीच जेमतेम २६ किमी!

तरी उतार काढता येतो. दोन समोच्चरेषा नदीला जिथे छेदतात त्या जागा धरा आणि मधली लांबी वळणावळणाने सुती दोरा टाकून मोजा; उंचीतल्या फरकाला जमिनीवरच्या त्या लांबीने भागले की उतार. सरळ पट्टी लावली तर लांबी कमी भरते आणि उतार खोटाच तीव्र निघतो. दोऱ्याच्या लांबीला सरळ अंतराने भागून उत्तर दीडच्या वर आले, तर त्या टप्प्यात नदी नागमोडी समजायची.

नाग नदीसाठी ही शीट घेऊ नका. १ मिमी म्हणजे जमिनीवर ५० मीटर, त्यामुळे शहरातली नाग नुसती रेघ दिसते; तिची रुंदी मोजणे फोल. सर्वेक्षणाचे साल आधी पाहावे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणीच १९८८ ची, त्यामुळे त्याआधीच्या शीटवर आंभोऱ्याकडचा फुगवटा (धरणामागे तुंबलेले पाणी) असणारच नाही.

काठाला प्लॉट घ्यायचा असेल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा मागवा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.